अ‍ॅपच्या दराशी नौपाड्यातल्या काउंटरने भिडावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, नौपाड्यात १९९९ पासून माझं कुरियरचं काउंटर आहे. एका देशव्यापी कंपनीची फ्रँचायझी आणि सोबत ठाणे, मुंबई, नवी मुंबई अशी स्वतःची लोकल सेवा. चार मुलं कामाला आहेत. घरून साड्या विकणाऱ्या एक बाई रोज आठ-दहा पार्सलं द्यायच्या, त्या आता मोबाइलवरून बुकिंग करतात. मी अर्ध्या किलोला ८० रुपये घेतो, त्यातले ५५ कंपनीला जातात. त्यांना अ‍ॅपवर ५८ ला पडतं आणि पिकअपला माणूस घरी येतो. मुलगा महापेला आयटीत आहे, तो म्हणतो, ‘पप्पा, दर उतरवा आणि वेबसाइट काढा.’ मिसेस म्हणतात, काउंटर बंद करून एखाद्या ऑनलाइन कंपनीचं डिलिव्हरीचं काम घ्या. गाळ्याचा करार मार्चमध्ये संपतोय. दोन कंपन्यांकडे चार-चार महिन्यांची बिलं अडकलीत, ते वेगळंच. काय करू?
– एक कुरियरवाला, ठाणे

नमस्कार.

दर उतरवू नका. काउंटर मोडून सगळा धंदा दुसऱ्याच्या डिलिव्हरीवरही लावू नका. मुलाचं निम्मं बरोबर आहे, वहिनींचं पाव. मात्र पत्रात तुम्ही सगळा दोष अ‍ॅपवर टाकलाय, तो हिशेब मला पटत नाही. आधी तो तपासू.

१९९९ मध्ये तुमच्या मुलांच्या पिशवीत काय असायचं? शेअर सर्टिफिकेटं, डिव्हिडंड वॉरंटं, वसुलीला निघालेले बाहेरगावचे चेक, बँकांची स्टेटमेंटं, कंपन्यांचे वार्षिक अहवाल. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर हळूहळू डीमॅट होत गेले, म्हणजे कागद जाऊन खात्यातली नोंद आली. मुंबईत २०१३ मध्ये चेक ट्रंकेशन आलं, चेकऐवजी त्याचं चित्र बँकेतून बँकेत जाऊ लागलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, मग चेकच कमी झाले. म्हणजे साडीवाल्या बाई जाण्याच्या कितीतरी आधी इंटरनेटने तुमच्या पिशवीतला कागद काढून घेतला होता. तो एका दिवसात गेला नाही, म्हणून जाणवला नाही. गंमत अशी की १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रं नेण्याचा एकाधिकार सरकारकडे होता, म्हणून तुम्ही कुरियरवाले जन्मभर पत्राला ‘डॉक्युमेंट’ म्हणत आलात. तो एकाधिकार नव्या कायद्याने २०२४ मध्ये संपला. सरकारने मक्ता सोडला तेव्हा न्यायला पत्रंच उरली नव्हती!

मग त्याच इंटरनेटने पार्सलं आणली. घरोघरी विक्रेते तयार झाले आणि तुम्हाला वाटलं, गेलेलं भरून निघालं. पण ही पार्सलं तुमच्या काउंटरवर थांबणारी नव्हती. फ्रँचायझीचा धंदा ज्या फरकावर चालायचा, तोच फरक या अ‍ॅपनी संपवला. मोठ्या गिऱ्हाइकाला कंपनी एक दर लावायची, रस्त्यावरून आलेल्या माणसाला दुसरा. छोट्या विक्रेत्याला मोठ्या गिऱ्हाइकाचा दर मिळवायचा रस्ताच नव्हता, आणि तुमची कमाई त्या दोन दरांच्या मध्ये होती. शिपरॉकेटसारखे मध्यस्थ हजारो विक्रेत्यांची पार्सलं एकत्र करून कंपन्यांकडून घाऊक भाव घेतात आणि रोज चार पार्सलं पाठवणाऱ्या बाईंनाही त्याच्या जवळपासचा भाव देतात. पिनकोड आणि वजन टाकलं की पाच-सहा कंपन्यांचे दर एकाखाली एक दिसतात. त्या यादीत तुम्ही नाही, आणि ५५ रुपये खरेदी असताना तिथे तुम्हाला जागाही नाही.

आता दर उतरवण्याचा हिशेब करू. ८० मधून ५५ गेले, राहिले २५. याच पंचविसातून भाडं, मुलांचे पगार, पेट्रोल. दर ७० केलात तर राहतात १५. आज जेवढं सुटतं तेवढंच सुटायला शंभराच्या जागी १६७ पार्सलं लागतील, आणि ती उचलायला मुलं पुन्हा तेवढीच. ५८ शी बरोबरी केलीत तर पार्सलमागे ३ रुपये. तीन रुपयांत तर पावतीचा कागद, चिकटपट्टी आणि एक फोन. आणि तुम्ही ५८ केलेत की उद्या समोरचा ५६ करणार नाही, असं थोडंच आहे?

काही जण सांगतील, थांबा जरा, ही अ‍ॅप लोकांच्या पैशावर स्वस्त देतात, एक दिवस बुडतील. बुडतातही. सामान घरपोच आणून देणाऱ्या डन्झो अ‍ॅपचं उदाहरण ताजं आहे. रिलायन्सने २०२२ मध्ये त्यात मोठी गुंतवणूक केली होती आणि २०२५ च्या सुरुवातीला ते बंद पडलं. पण त्याची गिऱ्हाइकं काउंटरवर परतली नाहीत, दुसऱ्या अ‍ॅपवर गेली. बसल्या जागी बुकिंग करायची सवय एकदा लागली की सुटत नाही. तेव्हा त्या आशेवर बसू नका.

मग विकायचं काय? माझं उत्तर: फेरी.

तुमच्या पत्रात लोकल सेवेचा उल्लेख एका ओळीत आटोपलाय, आणि मला तर सगळ्या पत्रात तेवढीच ओळ मोलाची वाटली. पोर्टरसारखं अ‍ॅप एका जागेहून दुसऱ्या जागी एक वस्तू नेतं आणि त्या अंतराचे पैसे घेतं. ठाण्यातून बारा पाकिटं नवी मुंबईत बारा ठिकाणी जायची असतील तर त्याच्या लेखी त्या बारा वाऱ्या. तुमच्या लेखी ती एका मुलाची एक फेरी, आणि तीही लोकलच्या पासावर. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर सुरू झाली तेव्हापासून ठाण्यात गाडीत बसलं की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. सगळा टीटीसीचा, म्हणजे ठाणे खाडीपलीकडचा, औद्योगिक पट्टा त्या रुळांना लागून. सकाळी दहा-साडेदहाला कळवा पुलावर आणि घोडबंदरला टेम्पोचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाठीवर पिशवी घेतलेला मुलगा तेव्हा रबाळ्याला उतरलेला असतो.

या फेरीत काय भरायचं, ते शोधायला थोडं फिरावं लागेल. पिनकोड आणि वजनाच्या चौकटीत ज्याचं पूर्ण वर्णन होत नाही, असं काम शोधा.

दातांचे डॉक्टर बघा. दाताचं माप घेतलं की ते लॅबला जातं, तिथून कॅप बनून परत येते, बसली नाही तर पुन्हा लॅबला. एका पेशंटमागे ये-जा दोन-तीनदा, वस्तू मुठीएवढी, वजन काहीच नाही, पण हरवली किंवा दबली तर पेशंटला पुन्हा खुर्चीत बसवावं लागतं. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडवर पाट्या वाचत चाललात तरी डझनभर दवाखाने सापडतील. चष्म्याची दुकानं तशीच: फ्रेम लेन्स बसवायला जाते आणि परत येते. मग सीए आणि वकील. रिटर्न ऑनलाइन भरतात हे खरं, पण सही-शिक्क्याचे करार, फाइली, मूळ दस्तऐवज अजून हाताने फिरतात. बेलापूरला सिडको भवन आणि कोकण भवन आहे. तिथे अर्ज द्यायचा, आवक शिक्का मारलेली प्रत परत आणायची, टेबलवरचे साहेब जेवायला गेले असतील तर थांबायचं. हे ‘थांबायचं’ कुठल्या अ‍ॅपच्या दरपत्रकात स्वस्त नसतं. वाशी-बेलापूरचे कस्टम हाउस एजंट, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणारे, त्यांनाही विचारून बघा. कस्टम्सची कागदपत्रं २०१८ पासून ई-संचित या ऑनलाइन यंत्रणेवर चढतात, त्यामुळे त्यांचं काम आटलंय. पण मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, बऱ्याचदा अजूनही शिपिंग लाइनच्या ऑफिसात प्रत्यक्ष नेऊन द्यावं लागतं, आणि ते उशिरा पोचलं तर कंटेनरचा दंड चढतो. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचे नमुने रबाळे-महाप्याच्या लॅबला तपासणीला जातात, छोटे सुटे भाग पसंतीला जातात. ही गिऱ्हाइकं पाच रुपयांसाठी घासाघीस करत नाहीत. त्यांना एकच हवं असतं, साडेचारच्या आत पोचेल की नाही.

पैसे नगावर घेऊ नका, महिन्यावर घ्या. समजा एका मुलाचा पगार, पास, फोन, बोनसचा हिस्सा असं सगळं धरून महिन्याला २०,००० पडतात. रोजच्या एका फेरीला दहा ठरलेली गिऱ्हाइकं, प्रत्येकी ३,०००. म्हणजे ३०,००० येतात आणि १०,००० उरतात. तेवढे १०,००० मिळवायला तुम्हाला २५ रुपये सुटणारी ४०० पार्सलं लागली असती. गिऱ्हाइकाला हे कामाच्या दिवसाला साधारण ११५ रुपये पडतं, आणि ऑफिसच्या शिपायाची अर्धी दुपार वाचते. जीएसटी लागू असेल तर तो वेगळा सांगा. सात गिऱ्हाइकं जमेपर्यंत फेरी तोट्यातच जाईल, हे गृहीत धरा. म्हणून सुरुवातीला एकच फेरी, एकच मुलगा. दोन फेऱ्यांची घाई नको.

मुलावरून आठवलं. चारपैकी सगळ्यात जुना कोण? त्याला महाप्याच्या कंपन्यांचे गेटवरचे वॉचमन ओळखतात, कुठलं आवक-जावक टेबल किती वाजता बंद होतं हे त्याला पाठ असतं. खाण्याच्या डिलिव्हरीत दोन-तीन हजार जास्त दिसले की अशी मुलं सोडून जातात, आणि त्यांच्याबरोबर फेरीही जाते. त्याचा पगार आज वाढवा, अपघात विमा काढा, रविवार पक्का द्या. साइनबोर्ड नंतर बदलू.

तुमच्या आयटीतल्या मुलाचं निम्मं बरोबर म्हटलं ते इथे. वेबसाइटची घाई नाही, पण पोचल्याचा पुरावा त्याच मिनिटाला गिऱ्हाइकाच्या हातात पडायला हवा, कारण अ‍ॅपने लोकांना ती सवय लावलीय. तुमच्या मुलाला वेगळं काही बनवावं लागणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. पाकीट दिलं की सही-शिक्क्याच्या पीओडीचा, म्हणजे पोचपावतीचा, फोटो त्या गिऱ्हाइकाला, आणि संध्याकाळी सहाला दिवसभराची यादी त्यांच्या अकाउंट्सला. एक सामाईक शीट, त्यात गिऱ्हाइक, ठिकाण, वेळ, कोणी घेतलं. महिनाअखेरीला बिल त्यातूनच निघेल. फोटो ज्याचा त्यालाच पाठवा. सगळ्यांच्या नावपत्त्यांचे फोटो एका ग्रुपवर टाकण्याची पद्धत मी पाहिलीय, ती चांगली नाही. एखाद्या वकिलाच्या अशिलाचं नाव तिसऱ्याला दिसलं तर ते गिऱ्हाइक गेलंच म्हणून समजा.

गूगल मॅपवरची नोंद मात्र आजच करा. नाव, वेळ, खरा नंबर, दुकानाचा फोटो. कुरियरच्या नावाने खोटे कस्टमर केअर नंबर टाकणारे लोक पार्सल शोधणाऱ्याला ‘पत्ता अपडेट करायला पाच रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवतात आणि खातं रिकामं करतात. ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत’ असं सांगून वयस्कर माणसांना घाबरवणारे वेगळेच. अशा वेळी खरोखर चालून जाता येईल असं एक काउंटर आणि उचलला जाणारा एक फोन याची किंमत वाढलीय. पावतीवर छापा: आम्ही पैशांची लिंक पाठवत नाही, फसवणूक झाली तर १९३० ला फोन करा.

साडीवाल्या बाईंचं काय? त्यांना जाऊ द्या, पण दार उघडं ठेवा. अ‍ॅपवर त्यांना एक गोष्ट लवकरच कळेल, किंवा कळली असेल: आकारमानाचं वजन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायची. ३० × २५ × २० चा खोका आत आठशे ग्रॅमचा माल असला तरी ३ किलोचा धरला जातो. अर्धा किलो टाकून बुकिंग केलं असेल तर फरक नंतर वॉलेटमधून कापला जातो आणि भांडत बसावं लागतं. साडी सपाट पाकिटात जाते, तिचं फारसं बिघडत नाही. पण हार, समई, मातीच्या पणत्या विकणाऱ्या बायका यात पोळतात. अशांना पॅकिंग करून, माप घेऊन, त्याच अ‍ॅपवरून तुमच्या नावाने बुकिंग करून द्या आणि पॅकिंग-हाताळणीचे वेगळे पैसे लावा. फ्रँचायझीचा करार मात्र आधी वाचा. दुसऱ्या कंपनीचं बुकिंग घ्यायचं नाही असं कलम बऱ्याच करारांत असतं. असेल तर कंपनीशी बोला, गुपचूप करू नका.

दिवाळीचा फराळ हेही याच जातीचं काम आहे. ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमधली कोणी ना कोणी अमेरिकेत, लंडनला, दुबईला आहे. तिथे चकली अख्खी पोचवण्यापासून कस्टम्सला काय लिहायचं इथपर्यंत माहिती असलेला माणूस लोकांना समोर बसलेला हवा असतो. पण २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढली, तेव्हा आपल्या टपाल खात्यालाही काही काळ तिकडची पार्सलं थांबवावी लागली होती. त्यामुळे दसऱ्याच्या आधी नियम आणि दर पक्के विचारून घ्या, आणि शुल्क कोण भरणार ते पावतीवर लिहा. वर्षातून महिनाभराचा धंदा, पण चांगला.

आता वहिनींचा मुद्दा. ऑनलाइन कंपनीची डिलिव्हरी घेतली तर पार्सलं येतील, भरपूर येतील. पण नगाचा दर ते ठरवणार, उद्या किती नग देणार तेही तेच ठरवणार. मुलं तुमची, पेट्रोल तुमचं, सीओडीची, म्हणजे माल देताना घेतलेली, रोकड कमी भरली तर वजावट तुमच्या बिलातून. शिवाय हा धंदा वर आकुंचन पावतोय. डेल्हिव्हरी या कुरियर कंपनीने २०२५ मध्ये इकॉम एक्स्प्रेस ही दुसरी कंपनी सुमारे १,४०० कोटींना घेतली. वर दोन कंपन्यांची एक झाली की खाली एकाच भागातली दोन हबं, म्हणजे पार्सलं वाटायची केंद्रं, ठेवायचं कारण उरत नाही. फ्लिपकार्टचं ईकार्ट, मीशोचं वाल्मो, म्हणजे मोठे विक्रीवालेही स्वतःचं जाळं विणतायत. तेव्हा एखाद-दुसऱ्या पिनकोडपुरतं, संध्याकाळच्या मोकळ्या वेळातल्या एका मुलाला काम म्हणून घेतलंत तर हरकत नाही. एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त त्यावर अवलंबून राहू नका. हा तिसरा हिस्सा कुठल्या पुस्तकातला नाही, ठाण्यातल्या छोट्या धंद्यांच्या वह्या बघून बसलेला माझा अंदाज आहे.

गाळा. मोक्याच्या रस्त्यावरचं भाडं तुम्ही जाहिरातीसाठी देत होता, लोक जाता-येता पाटी बघायचे. आता ते मॅपवर शोधतात. दोन आठवडे दारातून किती माणसं आली आणि त्यांनी किती दिले, एवढं वहीत लिहा. त्यात भाडं निघत नसेल तर आतल्या गल्लीत, पण स्टेशनला चालत जाता येईल अशा ठिकाणी लहान जागा बघा. फेरीच्या मुलाला गाडी पकडायचीय. नंबर तोच ठेवा आणि जुन्या दारावर नवा पत्ता काही महिने राहू द्या. मालकाने भाडं उतरवलं तर अर्थात हलायची गरज नाही, आणि त्याला विचारायला पैसे पडत नाहीत.

राहिली अडकलेली बिलं, आणि खरं तर हे काम सगळ्यात आधी करा. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे का? नसेल तर सरकारी पोर्टलवर करून घ्या, ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या खासगी साइट असतात, तिकडे जाऊ नका. तुमचा धंदा सेवेचा आहे, म्हणजे सूक्ष्म उद्योग म्हणून तुम्हाला कायद्याचं संरक्षण मिळतं: लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेल्या अशा बिलांचा खर्च कंपनीला त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे हल्ली मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यमचा नंबर मागतात. नोंदणीच्या आधीच्या बिलांना हे संरक्षण मिळेलच असं धरू नका, ती गोडीगुलाबीनेच वसूल करा. पण यापुढच्या प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा, आणि त्या दोन कंपन्यांच्या खरेदीवाल्याला फोन करत बसण्यापेक्षा थेट त्यांच्या सीएला पत्र द्या. पोच घेऊन. तुमच्याच फेरीच्या मुलाच्या हाती पाठवा.